पहिली रायफल छोटीच हवी

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. राधानगरी तालुक्यातले त्याचे कांबळवाडी गाव एका दिवसात महाराष्ट्रभर पोचले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली होती. असे यश पाहिले की घरातले एखादे मूल म्हणते, मलाही नेमबाजी शिकायची आहे. पालकांच्या मनात मग पहिला प्रश्न येतो तो खरेदीचा: रायफल कोणती घ्यायची, आणि किती बोअरची?

या प्रश्नाचे उत्तर नेमबाजीच्या जगात जवळपास ठरलेले आहे. सुरुवात ४.५ मिलिमीटरच्या, म्हणजे .१७७ बोअरच्या एअर रायफलने करावी. ती हातात बसली की मग .२२. त्याहून मोठे काहीही पहिली काही वर्षे नको. लहान बोअर म्हणजे लहान मुलांचे खेळणे, अशी समजूत अजून बऱ्याच घरांत आहे. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत विश्वविजेता झाला तो ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलवर. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवले ते .२२ रायफलवर. स्वप्नीलचे पदकही .२२ चेच. ज्या दोन बोअरवर नवशिक्याने शिकावे, त्याच दोन बोअरवर जगातले सर्वोत्तम रायफल नेमबाज ऑलिंपिकमध्ये उतरतात.

आकडा नेमका काय सांगतो

बोअर किंवा कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीचा आतला व्यास. .१७७ म्हणजे इंचाचा १७७ हजारांश भाग, अर्थात ४.५ मिलिमीटर. .२२ म्हणजे साधारण साडेपाच मिलिमीटर. नळीच्या आत पिळदार खाचा असतात. त्यातून जाताना छर्रा किंवा गोळी स्वतःभोवती वेगाने फिरू लागते आणि त्या फिरण्यामुळे हवेत डगमगत नाही. रायफल आणि साधी बंदूक यांतला फरक तो हाच.

व्यासावरून मात्र सगळे कळत नाही. खरा फरक ऊर्जेत आहे. स्पर्धेच्या एअर रायफलचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो, सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगाने निघतो आणि त्याची ऊर्जा साडेसात-आठ ज्यूल भरते. .२२ लाँग रायफलची गोळी २.६ ग्रॅमची. ती सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास वेगाने जाते आणि तिची ऊर्जा १४० ज्यूलच्या जवळ असते. शिकारीसाठी जगभर गाजलेल्या .३०-०६ काडतुसाची ऊर्जा साडेतीन ते चार हजार ज्यूल. कागदावर .२२ आणि .३० हे आकडे शेजारी दिसतात, पण ऊर्जेत पंचवीस-तीस पटींचे अंतर आहे.

ही ऊर्जा पुढे जाते तेव्हा तिचा धक्का मागे खांद्याला बसतो. एअर रायफलचा धक्का जाणवतही नाही, .२२ चा जेमतेम जाणवतो. .३०-०६ चा धक्का .२२ च्या कितीतरी पट असतो. नवशिक्याच्या दृष्टीने ही बाब सगळ्यात महत्त्वाची आहे.

धक्क्याला घाबरलेले शरीर

मोठ्या बोअरने सुरुवात केलेल्या माणसाचे शरीर दोन-चार गोळ्यांतच एक वाईट सवय शिकते. चाप दाबण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा आखडतो आणि मनगट किंचित खाली दबते. आवाज आणि धक्का येणार हे मेंदूला ठाऊक झालेले असते, म्हणून तो आधीच बचाव करू लागतो. हे जाणूनबुजून होत नाही, म्हणून मनाशी ठरवून थांबतही नाही. एकदा अंगात भिनलेली ही दचक काढायला महिने जातात. छोट्या बोअरवर ती लागतच नाही, कारण घाबरण्यासारखे काही घडत नाही.

दुसरे कारण सरावाचे. नेमबाजी हाताला, डोळ्याला आणि श्वासाला एकच कृती पुन्हा पुन्हा करून शिकवावी लागते. एअर रायफलच्या एका सत्रात साठ-सत्तर छर्रे सहज झाडता येतात आणि खांदा दुखत नाही. .२२ च्या एका गोळीच्या पैशांत अनेक छर्रे येतात. मोठ्या बोअरचे काडतूस त्याहून कितीतरी महाग. पहिल्या वर्षाचे पैसे ज्या बोअरवर जास्तीत जास्त सराव देतात, तो बोअर नवशिक्याचा.

तिसरे कारण कमी लोकांच्या ध्यानात येते. एअर रायफलचा छर्रा मंद असतो. चाप सुटल्यावर तो नळीतून बाहेर पडेपर्यंत काही हजारांश सेकंद जातात, आणि तेवढ्या वेळात रायफल हलली तर छर्राही हलतो. त्यामुळे चाप दाबून लगेच डोके वर करणाऱ्याचा छर्रा दूर पडतो. नेम तसाच धरून क्षणभर थांबणाऱ्याचा छर्रा जागेवर बसतो. एअर रायफल चूक लपवत नाही, आणि धक्क्याच्या गोंधळात चुकीचे कारणही हरवू देत नाही. शिकणाऱ्याला याहून प्रामाणिक गुरू मिळणे कठीण.

दहा मीटरवरचा ठिपका

दहा मीटर हे अंतर ऐकायला किरकोळ वाटते. लक्ष्य पाहिले की मत बदलते. एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि नऊचे वर्तुळ साडेपाच मिलिमीटरचे. छर्र्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्र्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. रायफलवरची पुढची साइट मागच्या साइटच्या रेषेतून पाव मिलिमीटर जरी ढळली तरी दहा हातचा जातो. स्पर्धेत असे ६० शॉट ७५ मिनिटांत मारायचे असतात, तेही उभे राहून. गुण दशांशात मोजतात आणि एका शॉटचे कमाल गुण १०.९. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकले ते याच प्रकारात.

एअर रायफल घेताना

एअर रायफलमध्ये दोन प्रकार प्रामुख्याने मिळतात. एक स्प्रिंगची, नळी मोडून ताणायची. ती काही हजारांत मिळते, टिकते आणि तिला हवेचा सिलिंडर लागत नाही. पण चाप दाबला की आतला जड दट्ट्या पुढे धावतो आणि छर्रा बाहेर पडण्याआधीच रायफल हलते. दर वेळी अगदी सारखी धरली नाही तर छर्रे विखुरतात. दुसरी पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी. तिच्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाची हवा असते आणि प्रत्येक शॉटला नेमकी तेवढीच हवा सुटते. रायफल जागची हलत नाही. स्पर्धेत आज हीच वापरली जाते. फाइनवेर्कबाऊ, वॉल्थर, अनशुट्झ, स्टायर या युरोपीय कंपन्यांची नावे कोणत्याही रेंजवर ऐकू येतात. त्यांच्या स्पर्धेच्या रायफलींच्या किमती लाखांच्या घरात आहेत. भारतातही आता चांगल्या एअर रायफली बनू लागल्या आहेत आणि सुरुवातीच्या टप्प्याला त्या पुरतात.

नेमाची साधनेही दोन प्रकारची. ओपन साइटमध्ये मागे खाच आणि पुढे खुंटी असते. पीप साइटमध्ये मागच्या बारीक भोकातून पाहून पुढच्या गोल कड्यात लक्ष्याचे काळे वर्तुळ बसवायचे असते. भारतातल्या स्पर्धांमध्ये ओपन साइट आणि पीप साइट असे वेगळे गट आहेत. शाळकरी मुलाने ओपन साइटपासून सुरुवात केली तर पाया पक्का होतो, मात्र आंतरराष्ट्रीय प्रकार पीप साइटचे असल्यामुळे तिकडे वळण्याचे मनात ठेवावे. दुर्बीण लावलेली रायफल पाहून मुले हरखतात, पण ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीला परवानगी नाही.

बोअर आणि कंपनी ठरवण्याइतकेच माप महत्त्वाचे आहे. कापड कितीही भारी असले तरी दुसऱ्याच्या मापाचा सदरा अंगावर बसत नाही, तसेच दस्त्याचे असते. दस्ता खांद्याला टेकवल्यावर हात चापापर्यंत न ताणता पोचला पाहिजे. गाल दस्त्यावर टेकला की डोळा आपोआप साइटच्या रेषेत यायला हवा, मान वाकवावी लागता कामा नये. म्हणून दस्त्याची लांबी आणि गालाखालच्या पट्टीची उंची कमी-जास्त करता येईल अशीच रायफल घ्यावी. वाढत्या वयाच्या मुलाला ती चार वर्षे तरी चालते. वजनाची कमाल मर्यादा साडेपाच किलो आहे, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाला तेवढी जड रायफल दिली तर ते कमरेतून वाकून ती सावरू लागते आणि पाठीला इजा होते. सुरुवात हलक्या रायफलने करावी. अंगात ताकद आली की वजन वाढवता येते.

खरेदीआधी आपला प्रमुख डोळा कोणता हे तपासावे. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून दूरची एखादी वस्तू पाहा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू फटीत दिसत राहते तो तुमचा प्रमुख डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रमुख असू शकतो. तसे असेल तर कोणत्या खांद्यावरून नेम धरायचा हे आधी प्रशिक्षकाशी बोलून ठरवा आणि रायफल नंतर घ्या.

जुनी पीसीपी रायफल घेत असाल तर तिच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. स्पर्धेच्या रायफलींच्या ॲल्युमिनियम सिलिंडरांचे आयुष्य कंपन्या दहा वर्षे धरतात. मुदत संपलेला सिलिंडर बदलावाच लागतो, तेव्हा तो खर्च किमतीत मिळवून मगच सौदा करावा.

मग .२२

एनसीसीत गेलेल्या अनेक मराठी माणसांच्या हाती आलेली पहिली रायफल .२२ ची असते. पालथे पडून, कोपर रोवून, २५ यार्डांवरच्या कागदावर मारलेल्या त्या पाच गोळ्या पुढे आयुष्यभर आठवतात. अंजली भागवत यांची सुरुवातही एनसीसीतलीच. पुढे सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत त्या गेल्या.

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचे, अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीचे. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ते टिकले याचे कारण त्याची साधी रचना. ठिणगी पाडणारे रसायन काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेले असते. पिन त्या कडेवर आपटली की दारू पेटते. म्हणून काडतूस स्वस्तात बनते, आणि म्हणूनच एकदा वापरले की पुन्हा भरता येत नाही.

स्पर्धेची .२२ गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगाहून थोडी मंद ठेवलेली असते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास. त्याहून वेगाने निघालेली गोळी वाटेत मंदावून त्या सीमेतून मागे येते तेव्हा हवेच्या दाबाने अस्थिर होते. वेगवान गोळी जास्त अचूक असेल हा अंदाज इथे उलटा पडतो. दुकानात खोक्यावर मोठा वेग छापलेला पाहून भुलू नये.

प्रत्येक .२२ नळीला स्वतःची आवड असते. एकाच कंपनीची, एकाच नावाची, पण वेगळ्या दिवशी बनलेली गोळी एका नळीतून दहाच्या आत एकवटते आणि दुसरीतून विखुरते. म्हणून मोठे नेमबाज वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या आपल्या नळीतून मारून पाहतात आणि जमलेला लॉट साठवून ठेवतात. नवशिक्याला त्या टोकाला जायची गरज नाही, पण दोन-तीन प्रकारच्या गोळ्या मारून पाहून एकच निवडावी आणि तिला चिकटून राहावे.

५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे आहे. रेंज उघड्यावर असते, त्यामुळे वाऱ्याची मंद झुळूकही गोळीला दहातून नवात नेते. रेंजवर लावलेली छोटी निशाणे वाचायला शिकणे हा .२२ चा अर्धा अभ्यास आहे. थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून प्रत्येकी २० शॉट असतात. एअर रायफलवर उभ्याने तोल साधलेला नेमबाज इथे लवकर रुळतो. स्वतःची पहिली .२२ घेताना एकेक गोळी हाताने भरायची बोल्ट ॲक्शन रायफल घ्यावी. प्रत्येक शॉटआधी थांबावे लागते आणि बोल्ट उघडला की नळी रिकामी आहे हे सगळ्यांना दिसते. अमेरिका-कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना दुकानात आपोआप गोळी भरणाऱ्या .२२ रायफलीही सहज दिसतील. शिकण्यासाठी मात्र तिथेही बोल्ट ॲक्शनच चांगली.

कायदा काय म्हणतो

शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. यातली एक जरी मर्यादा ओलांडली तरी परवाना लागतो. ५.५ मिलिमीटरची एअर रायफल कमी ताकदीची असली तरी ती परवान्याच्या कक्षेत येते, हे विसरू नका.

.२२ लाँग रायफल हे अग्निशस्त्र आहे. त्याला १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना हवा आणि परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. त्याहून लहान खेळाडू क्लबच्या शस्त्रांवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करतात. .३०३ किंवा ७.६२ यांसारखे लष्करी बोअर सामान्य नागरिकांना निषिद्ध आहेत. .३१५ आणि .३०-०६ परवान्यावर मिळू शकतात, पण शिकण्यासाठी त्यांचा उपयोग नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपला. वन्य पक्ष्यांवर छर्रा झाडणे हाही गुन्हाच आहे. परवाना लागत नाही म्हणून एअर रायफल घेऊन झाडाखाली उभे राहणाऱ्या मुलाला घरच्यांनी तिथेच थांबवले पाहिजे.

रायफल शेवटी घ्या

खरेदीचा योग्य क्रम बहुतेकांना उलटा वाटेल. आधी क्लब शोधा, मग प्रशिक्षक, मग जॅकेट आणि बूट, आणि सगळ्यात शेवटी रायफल. पहिले काही महिने क्लबच्या रायफलीवर काढले की आपली उंची, हाताची लांबी, उभे राहण्याची ढब आणि मुख्य म्हणजे आवड टिकते का, हे कळते. वाचलेले पैसे छर्र्यांवर आणि शिकवणीवर खर्च करा. आपल्याकडे शिकवणाऱ्यांची वाण नाही. स्वप्नीलच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः ऑलिंपिक खेळलेल्या आहेत. पनवेलचा लक्ष्य शूटिंग क्लब ऑलिंपियन सुमा शिरूर यांचा. नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना १९५१ ची, आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणाऱ्या नेमबाजांची पायरी आहे.

घरी सराव करायचा तर गोळीशिवाय नेम धरण्याचा करावा. त्यातही काळजी हवी. स्प्रिंगच्या एअर रायफलचा चाप छर्रा न भरता ओढू नये, दट्ट्या मोकळा आपटून आतले भाग खराब होतात. रिकाम्या .२२ वर पिन नळीच्या कडेवर आपटते, म्हणून वापरलेले काडतूस आत ठेवावे. स्पर्धेच्या पीसीपी रायफलींना मात्र अशा सरावाची वेगळी सोय असते.

सुरक्षेचे नियम बोअर पाहून बदलत नाहीत. रायफल नेहमी भरलेलीच आहे असे समजावे. नळीचे तोंड कधीही माणसाकडे जाऊ देऊ नये. नेम पक्का होईपर्यंत बोट चापाबाहेर असावे. लक्ष्यामागे काय आहे हे माहीत असल्याशिवाय शॉट मारू नये. .२२ ची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि साडेसात ज्यूलचा छर्राही डोळा कायमचा घालवू शकतो. रेंजवर चष्मा लावा. .२२ मारताना कानांना संरक्षण हवेच. छर्रे आणि गोळ्या शिशाच्या असतात, म्हणून सरावानंतर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. शॉट संपला की नळीत रंगीत सुरक्षा-दोरी घालून ठेवा, ती बाहेर दिसली की रायफल रिकामी आहे हे लांबूनही कळते.

म्हणून पालकांना आणि स्वतः शिकू पाहणाऱ्या प्रौढांनाही एवढीच विनंती: दुकानात जाण्याआधी जवळच्या रेंजवर जा आणि तिथली ४.५ मिलिमीटरची रायफल हातात घ्या. साठ छर्रे एका जागी बसू लागेपर्यंत बोअर वाढवण्याचा विचार करू नका. नेमबाज मोठ्या बोअरने घडत नाही, एकच योग्य कृती हजारो वेळा केल्याने घडतो, आणि ती हजारो वेळा करू देणारी रायफल छोटीच असते.